परदेशातलं आयटीआय चालतं, मुलुंडचं चालत नाही

दहावीला पंचावन्न टक्के मिळालेल्या मुलाला मुलुंडच्या सरकारी आयटीआयमध्ये घाला, असं त्याच्या आईला सुचवून बघा. पुढच्या वेळी त्या घरी चहा मिळेल याची खात्री नाही. तोच मुलगा पुढे रडतखडत बीकॉम करतो, दोन वर्षं मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो आणि मग ब्रिस्बेनच्या टेफमध्ये कुकरीचा नाहीतर गाड्यांच्या दुरुस्तीचा कोर्स घेतो. आता त्याच घरात पेढे येतात. सहार विमानतळावरचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो आणि खाली अभिनंदनाची रांग लागते. टेफ म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर सोपं आहे. ते तिकडचं सरकारी आयटीआय आहे, थोडं पॉलिटेक्निक मिसळलेलं.

त्या मुलाची चेष्टा करण्यात मला रस नाही. त्याचा निर्णय बरोबरही असू शकतो. कुठल्या तरी दुय्यम विद्यापीठात चाळीस लाख ओतून ‘मास्टर्स इन मॅनेजमेंट’ करणाऱ्या त्याच्या मित्रापेक्षा तो जास्त शहाणा निघण्याची शक्यता आहे. माझं भांडण त्याच्या घराशी आहे, आणि थोडं आपल्या सरकारशी. जे शिक्षण विमानात बसून घेतलं की चालतं, तेच लोकलने जाऊन घेतलं की नाक मुरडायचं, हा दुटप्पीपणा केवळ हास्यास्पद नाही. तो महाग पडतो. पोराला पडतो, बापाच्या प्रॉव्हिडंट फंडाला पडतो आणि इथे राहणाऱ्या लाखो पोरांना तर सगळ्यात जास्त पडतो.

आधी ही कॉलेजं आहेत तरी काय, ते पाहू. ऑस्ट्रेलियात १९७४ साली कांगन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर केंद्र सरकारने राज्यांच्या तांत्रिक शिक्षणात खऱ्या अर्थाने पैसा घातला. आजची टेफ व्यवस्था त्यातून उभी राहिली. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड अशा राज्यांच्या सरकारी संस्था ती चालवतात. सर्टिफिकेट थ्री, सर्टिफिकेट फोर, डिप्लोमा अशा पायऱ्या असतात. सुतारकाम, वीज, नर्सिंगची मदत, बालसंगोपन, हिशेब, स्वयंपाक, सगळं एका छपराखाली. वर्गात सतराचं पोरगं असतं आणि त्याच्या शेजारी नोकरी गेलेला पंचेचाळिशीचा माणूसही. कॅनडात ऑंटारिओने १९६५ साली कायदा करून अशीच सरकारी कॉलेजं काढली. आज ती २४ आहेत. ब्रिटनमध्ये यांना फर्दर एज्युकेशन कॉलेज म्हणतात. शाळा संपलेली आहे, विद्यापीठात जायचं नाही किंवा जमलं नाही, पण हातात कसब हवं आहे, अशा माणसासाठी सरकारने उघडं ठेवलेलं हे दार.

उघडं, पण सगळ्यांना एकाच भावात नाही. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ठरावीक टेफ कोर्स तिथल्या रहिवाशांना मोफत आहेत. आपल्या पोराला पूर्ण फी. वर विद्यार्थी व्हिसाचा अर्ज. त्याची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १,६०० झाली आणि जुलै २०२५ मध्ये २,०००. म्हणजे लाखाच्या वर रुपये, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. शिवाय वर्षभराच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० डॉलर खात्यात दाखवावे लागतात, आपल्या हिशेबाने सतरा-अठरा लाख. पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. ब्रिटनची गोष्ट तर आणखी कडक. तिथल्या सरकारी फर्दर एज्युकेशन कॉलेजात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा काम करण्याचा हक्क २०१५ मध्येच काढून घेतला गेला, आणि पदवी मिळाल्यावर जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो तोही या कोर्सना लागू नाही. ‘युके’ हा शब्द ऐकून हुरळणाऱ्या किती पालकांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

एवढं असूनही मी सरकारी कॉलेजाच्या बाजूने का बोलतो? कारण पर्याय काय होता, ते लक्षात आहे. २००८-०९ च्या सुमारास मेलबर्न आणि सिडनीत खासगी कॉलेजांचं पेव फुटलं होतं. स्वयंपाकी आणि केशकर्तन हे व्यवसाय कायम राहण्यासाठी प्राधान्य देणाऱ्या स्थलांतराच्या यादीत होते, म्हणून एखाद्या इमारतीच्या दोन मजल्यांवर कॉलेज थाटायचं, दोन ओव्हन ठेवायचे आणि भारतातून पोरं भरायची. शिकवणं ही नावापुरती गोष्ट. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ती यादीच रद्द केली. त्या काळात कॉलेजं एकामागून एक बंद पडली आणि पोरं अर्ध्या फीसकट, अर्ध्या कोर्ससकट रस्त्यावर आली. धडा घेतला असं वाटावं, तर २०२४ मध्ये तिथल्या सरकारला पुन्हा दीडशेच्या वर ‘भुताटकी कॉलेजं’ बंद करावी लागली. कागदावर कॉलेज होतं, पण तिथे शिकवणं चालत नव्हतं. सरकारी कॉलेज असं एका रात्रीत गायब होत नाही. तिथे खरी वर्कशॉप असते, शिक्षक त्या धंद्यातून आलेला असतो, आणि प्रमाणपत्राला तिथल्या मालकाकडे किंमत असते.

पण सरकारी आहे म्हणून डोळे मिटून पाया पडावं, असंही नाही. ऑंटारिओचं उदाहरण आपल्याकडे प्रत्येक पालकाने वाचायला हवं. तिथल्या सरकारने २०१९ मध्ये स्थानिक मुलांची फी दहा टक्क्यांनी कमी केली आणि मग तिथेच गोठवून ठेवली. अनुदानही त्या मानाने वाढवलं नाही. कॉलेजांनी मग परदेशी विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला. तिथल्या ऑडिटर जनरलच्या २०२१ च्या अहवालात स्वच्छ आकडे आहेत: एकूण विद्यार्थ्यांत परदेशी ३० टक्के, पण फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांत ६२ टक्के भारतीय. म्हणजे नाशिक, जालंधर आणि डोंबिवलीच्या कर्जावर एका श्रीमंत प्रांताचं सरकारी शिक्षण चाललं होतं. काही कॉलेजांनी तर आपला अभ्यासक्रम टोरोंटोजवळच्या खासगी संस्थांना वापरायला दिला. प्रमाणपत्र सरकारी कॉलेजाचं, वर्ग मात्र खासगी. २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, अशा भागीदारीतल्या नव्या विद्यार्थ्यांना वर्क परमिट देणं बंद केलं आणि नोव्हेंबरपासून शिक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठरावीक विषयांतच वर्क परमिट ठेवलं. कॉलेजांचा पैसा आटला, कोर्स बंद झाले, शिक्षक घरी गेले. आपली मुलं त्यांच्यासाठी विद्यार्थी कमी आणि अनुदान जास्त होती, हे त्या वर्षी उघड झालं.

म्हणून पहिला प्रश्न ‘सरकारी आहे का’ हा असला तरी दुसरा लगेच यायला हवा: हा पोरगा कसब शिकायला चाललाय की व्हिसा शिकायला? इथेच सगळी गडबड आहे. दादर, ठाणे, बोरिवलीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर ज्या कन्सल्टन्सी बसल्या आहेत, त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये एकदा बसून ऐका. भिंतीवर व्हिसा मिळालेल्यांचे हसरे फोटो, टेबलावर पाण्याची छोटी बाटली आणि समोर एक तरतरीत मुलगी. ‘काका, कोर्सचं टेन्शन नका घेऊ, कोर्स कुठलाही घेऊ. पीआरचं आपण नंतर बघू.’ पीआर म्हणजे तिथे कायमचं राहण्याचा परवाना. काका मान डोलावतात. मुलाला आयुष्यात कधी कांदा चिरायची वेळ आलेली नसते, पण अर्जात त्याला लहानपणापासून स्वयंपाकाची ओढ होती, असं सुरेख इंग्रजीत लिहिलं जातं. ते इंग्रजी कुणाचं आहे, हे व्हिसा अधिकाऱ्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं. मार्च २०२४ पासून ऑस्ट्रेलिया ‘खरा विद्यार्थी’ कोण हे वेगळ्या निकषांवर तपासतो. कॉम्प्युटर इंजिनिअरने सर्टिफिकेट थ्रीला अर्ज केला, की पहिला प्रश्न तोच येतो: का? एजंटला कॉलेजकडून कमिशन मिळतं, ते मुलगा तिथे दाखल झाल्यावर. पुढे त्याचं काय होतं, याच्याशी त्या कमिशनचा संबंध नाही.

आणि पुढे बरंच काही होतं, जे केबिनमध्ये सांगितलं जात नाही. तिथल्या स्थानिक मुलासाठी मुख्य रस्ता अप्रेंटिसशिपचा असतो: चार वर्षं मालकाकडे पगारी काम, अधूनमधून टेफमध्ये वर्ग. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला ते दार बहुधा बंदच. तो वर्गातला मार्ग घेतो, फी भरतो आणि कोर्सनंतरच्या व्यावसायिक शिक्षणाच्या व्हिसासाठी अर्ज करतो. तो मिळतो दीड वर्षापर्यंत, वय ३५ पर्यंत असेल आणि कोर्स यादीतल्या व्यवसायाशी जुळत असेल तरच. पुढे कायमचं राहायचं तर कसबाची तपासणी होते. त्यासाठीचा जो सरकारी कार्यक्रम आहे, त्यात त्याच व्यवसायात किमान १,७२५ तास पगारी काम दाखवावं लागतं, मालकाच्या सहीशिक्क्यानिशी. हे तास सरळ काम करूनच भरतात. ज्याला खरोखर वेल्डिंग येतं, गाडीचं इंजिन उघडायला आवडतं, त्याला ही अट कठीण नाही. ज्याला फक्त पीआर हवी आहे, त्याला ती डोंगर वाटते. मग खोटी पत्रं, मग आणखी एक एजंट. त्यामुळे ज्याला तो धंदा आयुष्यभर करायचा नाही, त्याने तो परदेशात जाऊन शिकू नये. मग कॉलेज सरकारी असो की खासगी.

यावर एक ठरलेला टोमणा आहे: ‘तिकडे जाऊन शेवटी पानाच हातात घ्यायचा, तर इथे का नाही?’ विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, पण उत्तर आहे, आणि त्यात आपल्या शहराचा इतिहास आहे.

काम तेच आहे. कुठल्याही आयटीआयमध्ये फिटरच्या मुलाला सुरुवातीचे कित्येक दिवस कानस चालवावी लागते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, कानस सपाट न्यायची, मग काटकोन तपासायचा गुण्या टेकवून तुकडा उजेडाकडे धरायचा. लोखंड आणि गुण्याच्या मधून उजेडाची रेघ दिसली, की पुन्हा कानस. खांदे भरून येतात, तळहाताला फोड येतात. ही रेघ अंबरनाथला दिसते आणि पर्थलाही दिसते. धातूला पासपोर्ट नसतो. फरक पडतो तो वर्कशॉपच्या बाहेर. तिकडे वीजजोडणीला परवाना लागतो आणि परवाना असलेल्या माणसानेच ती करायची असते. १ जुलै २०२५ पासून तिथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे आणि कसबी कामगाराला त्याच्या वर मिळतं. मुंबईत पाण्याच्या जोडणीच्या कागदावर महापालिकेच्या परवानाधारक प्लंबरची सही लागते, वीजकामालाही परवाना लागतो. कागद आपल्याकडेही आहेत. पण सही एकाची आणि पाना दुसऱ्याच्या हातात, हे प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असतं. ज्याच्या हातात पाना आहे त्याला दिवसाचे किती द्यायचे, यावर मग जिन्यात घासाघीस चालते. मुलाने असला धंदा करू नये असं आईला वाटलं, तर तिचं काय चुकलं?

गिरणगावातल्या घरांना तर हे अधिकच पटलं असणार. या शहराने १८८७ साली व्हीजेटीआयसारखी तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली, ती गिरण्यांना आणि कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून. सांचे, कातणी, विणकाम, बॉयलर यांचं ज्ञान लालबाग-परळच्या चाळींत घरोघरी होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी ते कायमचं झालं. हातातलं कसब एका रात्रीत बिनकामाचं ठरलेलं ज्या पिढीने पाहिलं, तिने पोरांना एकच सांगितलं: टेबलावर बसून करायचं काम बघ. त्या सल्ल्यात अनुभव होता. तो चाळीस वर्षांनंतर आयटी पार्कमधल्या टॉवरात राहणाऱ्यांनीही तसाच जपून ठेवावा, याला मात्र अनुभव म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट आपण मोठ्याने बोलत नाही. हाताच्या कामाला आपल्याकडे आडनाव चिकटलेलं असतं. सुतारकी कुणाची, लोहारकी कुणाची, केस कुणी कापायचे, हे ठरलेलं होतं, आणि कागदावर ते संपलं तरी लग्नाच्या बोलणीत संपलेलं नाही. पार्ल्यातल्या एखाद्या मुलाने केशकर्तनालय काढलं तर स्थळं येणं थांबेल. तोच मुलगा मेलबर्नला हेअरड्रेसिंगचा डिप्लोमा करतो, तेव्हा बायोडेटात ‘ऑस्ट्रेलियात स्थायिक’ एवढंच येतं, आणि स्थळांची रीघ लागते. परदेशात कात्री तीच असते, फक्त तिथे कुणी आडनावाचा अर्थ लावत नाही. मला वाटतं, या कोर्सच्या फीमध्ये आपण नकळत या गोष्टीचेही पैसे भरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ या राज्यात रुजवलं; त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या संस्थाचालकांपैकी किती जणांची मुलं आयटीआयमध्ये आहेत, हे विचारायला नको.

आता सरकारकडे वळू. राज्याची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे, इतर गटांसाठीही आहेत. चांगली योजना आहे, तिने खूप मुलांचं आयुष्य बदललं आहे. पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी, आणि जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असलेल्या विद्यापीठांसाठी. ही क्रमवारी विद्यापीठांची असते. टेफ कितीही उत्तम असलं तरी त्या यादीत कधी येणारच नाही, कारण ती यादी त्यांच्यासाठी बनलेलीच नाही. म्हणजे ज्या मुलाला संशोधन करायचं आहे त्याच्यामागे राज्य उभं राहतं आणि ज्याला टर्बाइनची दुरुस्ती शिकायची आहे त्याला एजंटकडे पाठवतं. बँकांची तीच तऱ्हा. परदेशी शिक्षणाच्या त्यांच्या खास योजना नामांकित विद्यापीठांच्या याद्यांवर चालतात. यादीबाहेरच्याने साधारण साडेसात लाखांच्या वर कर्ज मागितलं, की घर तारण. ज्याच्याकडे तारण ठेवायला घर नाही, त्याचा विषय तिथेच मिटतो. सरकारी परदेशी कॉलेजाचा लाभ परळच्या कामगाराच्या मुलाला नाही, फ्लॅट असलेल्याच्या बीकॉम मुलाला होतो, तो असा.

जर्मनीकडून मात्र एक बरी दिशा दिसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, १०,००० जणांचं उद्दिष्ट ठेवून. जर्मन आउसबिल्डुंगची पद्धत मला जास्त पटते. दोन ते साडेतीन वर्षं, मालकाशी करार, दरमहा विद्यावेतन, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळा. तिथे शिकणाऱ्याच्या फीवर शाळा चालत नाही. अडचण भाषेची, बी-वन, बी-टू या मधल्या पातळ्यांपर्यंत जर्मन यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनाची फी सगळ्यांना परवडत नाही. अशा ठिकाणी सरकारचा पैसा खरोखर उपयोगी पडतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून ट्रेडबरोबर जर्मन शिकवलं, तर दोन वर्षांनी त्याच्यापुढे दोन दारं असतील. गेला तरी फायदा, राहिला तरी फायदा; पुणे-चाकणच्या जर्मन कंपन्या काही कमी नाहीत.

केंद्राने मे २०२५ मध्ये एक हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी पाच वर्षांची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली, त्यात राज्यांचा वाटा २०,००० कोटी. यंत्रं येतील, रंग लागेल, उद्घाटनाच्या पाट्या बसतील. पण यंत्रावर उभा राहून शिकवणारा माणूस कोण? आयटीआयमधल्या शिल्पनिदेशकाकडे आपण वर्कशॉप सांभाळणारा कारकून म्हणून बघतो. कित्येकांनी नोकरीला लागल्यापासून नवा कारखाना आतून पाहिलेला नाही, आणि दोष त्यांचा नाही. त्यांना कुणी पाठवलंच नाही. माझं म्हणणं असं की शिष्यवृत्तीच्या पैशातून दर वर्षी या शिल्पनिदेशकांपैकी काही जणांना टेफमध्ये, जर्मनीच्या व्यवसायशाळांत वर्षभर शिकायला पाठवावं. परत येऊन पाच वर्षं इथेच शिकवण्याचा बाँड घ्यावा, तो मोडला तर वसुली करावी. एक माणूस शिकून आला की त्याच्या हाताखालून दर वर्षी वीस-पंचवीस पोरं निघतात, आणि त्यातल्या एकाच्याही बापाला घर गहाण ठेवावं लागत नाही.

माणसं तिकडेच राहतील, अशी भीती घालणारे निघतील. काही राहतीलही. पण पीएचडीला पाठवलेले सगळे परत आले का, हे आपण कधी इतक्या हिरिरीने विचारलं नव्हतं. त्यांना जेवढा विश्वास दिला तेवढा कानस चालवायला शिकवणाऱ्या माणसालाही देऊन बघायला हरकत नाही. अभ्यासदौऱ्याच्या नावाखाली युरोप बघून येणाऱ्यांचा खर्च आपण वर्षानुवर्षं उचलतोच आहोत.